कुलूपबंद घरांचाही हिशेब द्या

प्रति,
मा. संपादक,

विषय : सार्वजनिक संस्थांसाठी होणारी सामाजिक सर्वेक्षणे आणि त्यांतून गळणारी घरे

महोदय,

मुंबईविषयीच्या एखाद्या सर्वेक्षणाचा अहवाल प्रसिद्ध झाला की किती कुटुंबांकडे स्वतःचे शौचालय आहे, किती मुले शाळेबाहेर आहेत, किती स्त्रिया कमावत्या आहेत, यावर आपल्या पानांत चर्चा सुरू होते आणि ती व्हायलाही हवी. परंतु या टक्केवारीवर कितपत विसंबावे हे ज्या आकड्यावरून ठरते, तो आकडा स्थानिक पातळीवरच्या अहवालांत शोधूनही सहसा सापडत नाही. सर्वेक्षकांनी किती दारे ठोठावली, त्यांतली किती उघडली, किती बंद होती आणि किती ठिकाणी नकार मिळाला, हा तो आकडा. सामाजिक सर्वेक्षणांच्या क्षेत्रीय कामात पर्यवेक्षक म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. महानगरपालिका, राज्य शासनाची खाती आणि त्यांच्यासाठी सर्वेक्षणे करणाऱ्या संस्था यांच्यापुढे माझी मागणी एवढीच आहे, की बंद घरांची मोजणी करावी, तेथे पुन्हा जाण्याची तरतूद निविदेतच ठेवावी आणि तो हिशेब अहवालात ठळकपणे छापावा.

बंद घर ही या शहरात किरकोळ बाब नाही. गोवंडीच्या शिवाजीनगर किंवा बैंगनवाडीतल्या एखाद्या गल्लीत सकाळी अकराला गेले, तर घरकाम करणाऱ्या बायका चेंबूरकडच्या इमारतींत केव्हाच पोहोचलेल्या असतात, पुरुष नाक्यावर किंवा कारखान्यात गेलेले असतात आणि मुले शाळेत असतात. पोटमाळ्यावर रात्रपाळी करून आलेला कोणी झोपलेला असतो आणि त्याला उठवणे सर्वेक्षकाच्या जिवावर येते. उघडी सापडतात ती म्हातारे माणूस, बाळंतीण किंवा घरबसल्या जरीकाम करणारी बाई असलेली घरे. साऱ्या गल्लीला भेटायचे तर रात्री आठनंतर, रविवारी किंवा नळाला पाणी येण्याच्या वेळी जावे लागते. सर्वेक्षकाच्या कामाचे तास मात्र कार्यालयाच्या वेळेप्रमाणे आखलेले असतात.

याचा परिणाम केवळ संख्या कमी भरण्यापुरता नाही, कारण बंद घरे आणि उघडी घरे एकसारखी नसतात. समजा, एका वस्तीतील एक हजार घरे नमुन्यात, म्हणजे साऱ्या वस्तीचा अंदाज बांधण्यासाठी, निवडली, त्यांपैकी तीनशे बंद निघाली आणि त्यांच्या जागी शेजारची उघडी तीनशे घरे घेऊन फॉर्म पूर्ण केले. अहवालात ‘एक हजार कुटुंबांचे सर्वेक्षण’ असे बिनदिक्कत लिहिले जाईल. वास्तविक नवरा-बायको दोघेही बाहेर कामाला जातात अशीच घरे त्यातून प्रामुख्याने गळालेली असतील. मग त्या वस्तीत नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी दिसेल, पाळणाघराची गरजही कमी दिसेल, आणि ती गरज नाही असे समजून खात्याचा अधिकारी निधी दुसरीकडे वळवील. सकाळी मुलाला शेजारणीच्या हवाली करून लोकल गाठणाऱ्या आईची अडचण सर्वेक्षण होऊनही कागदावर येणार नाही. चूक कोणत्याही एका फॉर्ममध्ये नसते आणि एकेक फॉर्म तपासून ती सापडतही नाही, म्हणूनच मी या मुद्द्यावर एवढा भर देत आहे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला दार बंद नसते, ते उघडले जात नाही. लोअर परळच्या टॉवरखाली ओळखपत्र गळ्यात घालून उभ्या असलेल्या सर्वेक्षक मुलीला वॉचमन इंटरकॉमवरून विचारतो, वरून नकार येतो किंवा सेक्रेटरीचे पत्र आणायला सांगितले जाते, आणि सेक्रेटरी भेटत नाहीत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबांची निवड करताना मोटारगाडी असलेली कुटुंबे वेगळ्या गटात धरण्याची पद्धत अवलंबली गेली, ती सधन घरे नमुन्यातून निसटू नयेत म्हणूनच. पण नमुन्यात आलेले घर माहिती देईलच असे नाही. मुंबईतील विषमता मोजताना तळाची कामकरी घरे आणि वरची सधन घरे दोन्ही निसटली, तर मधल्याच शहराचे चित्र आपण सगळ्या शहराचे म्हणून छापत राहतो.

त्यात घरयाद्यांचा जुनेपणा आहे. २०११ नंतर जनगणना वेळेवर झाली नाही आणि आता तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवशीची लोकसंख्या धरायची ती तारीख, ठरलेली आहे. दरम्यानच्या काळात अनेक सर्वेक्षणांना २०११ च्याच यादीचा आधार घ्यावा लागला. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली आणि उपनगर जिल्ह्याची ८६ लाखांवरून ९३ लाखांपुढे गेली. त्यानंतर पुनर्विकासाने काय घडवले हे लालबाग-परळच्या कोणत्याही रहिवाशाला ठाऊक आहे. जुना नकाशा हातात घेऊन चाळ शोधत आलेला सर्वेक्षक पत्र्याच्या कुंपणापाशी येऊन थांबतो, आणि त्या चाळीतली बिऱ्हाडे संक्रमण शिबिरात आहेत की भाडे घेऊन बदलापूरला गेली आहेत, हे त्याला सांगणारे तेथे कोणी नसते.

हे काम नीट करता येत नाही असे मुळीच नाही, आणि ते कसे करावे याचे ज्ञान या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागपाड्यात १९३६ साली सुरू झालेली आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन्ही आज देवनारला आहेत. दुसऱ्या संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी आहे. २०१९-२१ च्या त्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची माहिती घेतली गेली आणि प्रतिसादाचे प्रमाण अहवालातच छापले गेले. देशभरात कुटुंबांचा प्रतिसाद ९८ टक्के, स्त्रियांचा ९७ टक्के, तर पुरुषांचा ९२ टक्के होता. पुरुषांचे प्रमाण का घसरते, हे ज्याने दारोदार फिरून फॉर्म भरले आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही. या सर्वेक्षणात निवडलेले घर बंद असले म्हणून शेजारचे घर घेता येत नाही, तेथे पुन्हा जावे लागते.

त्याहून जुना दाखला संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा आहे. १९५० साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू होण्याच्याही आधी, बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी करताना, त्यांनी एकाच भागात दोन स्वतंत्र पथकांकडून दोन वेगळे नमुने तपासून घेण्याची पद्धत रूढ केली. दोन्ही पथकांच्या आकड्यांत मोठी तफावत निघाली, तर क्षेत्रीय कामात कोठेतरी पाणी मुरते आहे हे लगेच कळत असे. आपल्या महानगरपालिकेच्या सर्वेक्षणात ही पद्धत वापरायला कोणाची आडकाठी आहे?

अडचण पैशाच्या वाटपात आहे, असे मला अनुभवाअंती वाटते. निविदा सर्वांत कमी दराला जाते, काम घेणारी संस्था ते पुढे सोपवते आणि सर्वेक्षकाच्या हाती फॉर्ममागे ठरलेली रक्कम पडते. बंद घराला पैसे नाहीत. रात्री पुन्हा त्याच गल्लीत यायचे तर भाडे आणि वेळ त्याच्या पदरचा. अशा व्यवस्थेत शेजारणीला विचारून फॉर्म भरला जातो. घरात माणसे किती, हे शेजारीण अचूक सांगते, पण त्या घरातली मिळकत, कर्ज, आजारपण आणि मुलीची शाळा का सुटली, हे तिला सांगता येत नाही आणि तिने ते सांगूही नये. मी ज्या कामांवर होतो त्यांतल्या एका संस्थेत तर पूर्ण फॉर्मचे रोजचे उद्दिष्ट भरले नाही म्हणून सर्वेक्षक मुलांची मजुरी कापली जात असे. मुलांनी बंद घरे प्रामाणिकपणे ‘बंद’ अशीच नोंदवली होती. त्या मुलांना कामचुकार म्हटले गेले, हे मला आजही सहन होत नाही.

पात्रता ठरवणाऱ्या सर्वेक्षणांत तर बंद दाराची किंमत थेट माणसाला मोजावी लागते. झोपडपट्टी पुनर्वसनाचे परिशिष्ट-२, म्हणजे पात्र झोपडीधारकांची यादी, असो किंवा फेरीवाल्यांची यादी, त्या दिवशी गावी गेलेल्या, इस्पितळात असलेल्या किंवा पाळीवर असलेल्या माणसाचे नाव मागे पडते आणि नंतर ते चढवण्यासाठी त्याला कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. फेरीवाल्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्यात किमान पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षणाची तरतूद आहे, ती योग्यच आहे. पण दादरच्या फुलबाजारात पहाटे टोपली घेऊन बसणारी बाई दुपारच्या पथकाला कशी दिसणार? येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. लोकस्थिती समजून घेण्याचे सर्वेक्षण आणि लाभार्थी ठरवण्याचे सर्वेक्षण एकाच फॉर्मवर कधीही करू नये. घर जाईल किंवा घर मिळेल या भीतीने अथवा आशेने दिलेले उत्तर संशोधनाच्या उपयोगाचे राहत नाही. जनगणना अधिनियम, १९४८ नुसार जनगणनेतील वैयक्तिक नोंदी पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, यामागे हाच विचार आहे, आणि तसे अभय स्थानिक सर्वेक्षणांतही लेखी मिळायला हवे.

तेव्हा महानगरपालिकेने यापुढच्या प्रत्येक सर्वेक्षणाच्या निविदेत प्रत्येक बंद घरी किमान तीन भेटींची अट घालावी. त्यांतली एक रात्री आणि एक सुट्टीच्या दिवशी असावी, आणि त्या भेटींचा मोबदला फॉर्मवर नव्हे, तर दिवसावर द्यावा. पात्रतेच्या सर्वेक्षणात अंतिम यादीआधी बंद घरांची यादी वॉर्ड कार्यालयात आणि वस्तीत लावावी. अहवालासोबत प्रश्नावली, नमुना निवडण्याची रीत आणि विभागवार प्रतिसादाचे प्रमाण संकेतस्थळावर ठेवावे. नावे-पत्ते वगळलेली मूळ आकडेवारीही अभ्यासकांना मिळावी. गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत सहकार खात्याच्या उपनिबंधकांनी परिपत्रक काढून, शासकीय ओळखपत्र असलेल्या सर्वेक्षकाला प्रवेशद्वारावरून परत पाठवू नये आणि त्याच्या भेटीची सूचना आदल्या दिवशी फलकावर लावावी, असे सर्व संस्थांना कळवावे. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्षेत्रीय पर्यवेक्षक,
मुलुंड (पूर्व), मुंबई