वावराच्या नावाची बाटली

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, माळकऱ्याच्या घरी दारूचं पत्र पाठवतोय, रागावू नका. आईला सांगा, मी नुसती चाखतो आणि थुंकून टाकतो. कामच तसं आहे.

परवा कुलाब्याला आमच्या हॉटेलात जर्मनीतली पांढरी वाइन आली, मोझेल नदीकाठच्या रीसलिंग द्राक्षांची. बाटलीवर ठळक नाव चक्क वावराचं : वेलेनर झोनेनउअर, म्हणजे वेलेनचं सूर्यघड्याळ. 1842 साली प्रूम नावाच्या बागायतदाराने बागेतच बांधलेलं ते घड्याळ अजून उभं आहे. वावराचं नाव छापायचं तर निदान 85 टक्के द्राक्षं तिथलीच हवीत, असा नियम. आपलं विहिरीकडचं काय आणि आंब्याखालचं काय, व्यापाऱ्याच्या क्रेटमध्ये पडलं की सगळी नुसती थॉमसन जातीची द्राक्षं!

तिकडे छाटणी वर्षाला एकच, हिवाळ्यात, वेल झोपलेला असताना. आपला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला काडीसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरला घडांसाठी गोडी छाटणी. त्यांच्या वेलीचे डोळे एप्रिलमध्ये फुटतात, जूनमध्ये फुलोरा, आणि आपण गोडी छाटणीला कात्री काढतो तेव्हा त्यांची तोडणी. मांडव नाही. उतार असा की ट्रॅक्टर चढत नाही. पायाखाली पाटीचा दगड, आईच्या शाळेतल्या पाटीसारखा. दिवसा तापतो, रात्री ऊब सोडतो.

2024 च्या एप्रिलात कोवळ्या फुटीवर हिमकडाका पडला आणि मोझेलच्या खोऱ्यात कित्येक बागा रातोरात करपल्या. ते वाचलं आणि गारपिटीनंतर तडकलेला घड हातात घेऊन बांधावर बसलेले तुम्ही आठवलात. त्या दिवशी चहासुद्धा घेतला नव्हतात.

चव? आधी लिंबासारखी झणकन आंबट, मग मागून गोडी. आपल्याकडे फेब्रुवारीच्या उन्हात साखर धावते नि आंबटपणा पळतो. त्यांच्या थंडीत तो टिकून राहतो. तुम्ही मणी चिरडून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावायचात आणि मला म्हणायचात, "थांब, अजून आठ दिवस." मला तेव्हा राग यायचा.

विहिरीकडची बाग काढायची म्हणताय, असं ताईकडून कळलं. यंदा एवढी छाटणी होऊ द्या, बाबा. तारीख कळवा, रजा टाकतो. काडीच्या डोळ्यांना फुटीची पेस्ट मी लावेन, हातमोजे तेवढे आणून ठेवा. पेस्टच्या दिवसांत दारूचा थेंब चालत नाही, हे मजुरांना तुम्हीच दरडावायचात. तेव्हा चार दिवस आधीपासून चाखणंही बंद.

तुमचा,
बाळू