राधा आणि तुळसा जावा होणार नाहीत

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, कादंबरीच्या मसुद्यावर तुम्ही शिसपेन्सिलीने केलेल्या सगळ्या खुणा मी पाहिल्या. तिथी, मोडीतले वाचन, नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांची जुनी नावे, या बाबतींत तुम्ही सुचवलेले जवळजवळ सारे मी स्वीकारले आहे. एकच सूचना स्वीकारलेली नाही, आणि तिच्याविषयी फोनवर बोलताना तुमचा रक्तदाब वाढू नये म्हणून हे पत्र लिहिते आहे. सातव्या प्रकरणाच्या समासात तुम्ही लिहिले आहे की, कादंबरीतल्या राधा आणि तुळसा या दोघींना सख्ख्या जावा करावे, म्हणजे एका घरात राहण्याला कारण मिळेल. राधा आणि तुळसा जावा होणार नाहीत. कादंबरी तशीच छपाईला गेली आहे, माझ्या पूर्ण नावाने, आणि नोव्हेंबरात तिचे प्रकाशन पुण्यात न होता नागपुरातच होणार आहे.

तुम्ही ती ओळ माझ्या काळजीपोटी लिहिलीत, हे मला ठाऊक आहे. परंतु विधान केले की आधार द्यावा, ही सवय तुम्हीच मला लावलीत, म्हणून माझा आधार सविस्तर मांडते. अजब बंगल्यातून, म्हणजे संग्रहालयातून, घरी परतताना तुम्ही मला नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले यांची हकीकत सांगत असा. 11 डिसेंबर 1853 रोजी ते वारले, पोटी मुलगा नव्हता, राण्यांनी यशवंतराव अहेररावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव जानोजी ठेवले. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने तो वारस मानला नाही. 1848 मध्ये साताऱ्याच्या बाबतीत जे केले तेच इथे केले, आणि त्याच्याच कौन्सिलातल्या कर्नल लो यांनी विरोध नोंदवूनही 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. वाड्यातले जवाहीर कलकत्त्याला गेले आणि हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला कवडीमोलाने विकले गेले. लहानपणी मला त्या हत्तींचे फार वाईट वाटे. पुढे मोठेपणी कळले की लिलावाच्या आधी एक निकाल झालेला होता, कोणते नाते खरे आणि कोणते नुसते मानलेले, याचा. तो निकाल ज्यांनी दिला त्यांचा या घराशी काहीही संबंध नव्हता.

माझी कादंबरी त्याच वर्षी, त्याच वाड्यामागच्या गल्लीत सुरू होते. राधा एका कारकुनाची सोवळी केलेली विधवा आहे, तुळसा भोसल्यांच्या राणी बांकाबाईंच्या महालातून कामावरून कमी केलेली दासी आहे, आणि दरबारचे गिऱ्हाईक तुटल्यामुळे देशोधडीला लागलेल्या एका कोष्ट्याची मुलगी त्या दोघी वाढवतात. त्या काळी दत्तक म्हणजे मुलगा, तोही जातीतला. तेव्हा या मुलीसाठी कोणताही कागद होणेच शक्य नव्हते. राजवाड्याचा दत्तक नाकारला गेला, यांना तर तो मागण्याचीही सोय नव्हती. बाबा, आता यांना जावा केले तर काय होईल, याचा तुम्हीच विचार करा. त्यांचे एकत्र राहणे ताबडतोब रीतसर होईल आणि ज्या मोजपट्टीने इंग्रजांनी भोसल्यांचे घर मोजले, तीच मोजपट्टी मी माझ्या हाताने राधा-तुळसांच्या घराला लावलेली असेल.

पुरावा कुठे आहे, असे तुम्ही दुसऱ्या एका समासात विचारले आहे, आणि तो प्रश्न रास्त आहे. दप्तरात बाई येते ती कोणाची तरी बायको, आई किंवा रखेली म्हणून. इनामाचा वाद झाला, तक्रार झाली, तरच तिच्या घराचे दार कागदावर उघडते. ज्या दोन बायका भांडल्या नाहीत, ज्यांच्यापाशी भांडण्याजोगी जमीन नव्हती, त्यांची नोंद कोण ठेवणार? तिथे इतिहासकाराला थांबावेच लागते. कादंबरीकाराने पुढे जावे, पण जबाबदारीने जावे, असे मी मानते. म्हणून राधेच्या तोंडी मी आजचा एकही शब्द घातलेला नाही. ती स्वतःला काही म्हणवून घेत नाही, तुळसेच्या अंगात ताप असला की रात्रभर उशाशी बसते, एवढेच. मात्र एक प्रसंग मी आग्रहाने ठेवला आहे. 1856 मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, तेव्हा राधेचा भाऊ मोठ्या मनाने स्थळ घेऊन येतो. तोपर्यंत वाचकाला वाटू शकते की या दोघी निरुपायाने एकत्र राहिल्या. आता उपाय समोर आहे, आणि राधा आलवण नेसलेल्या अंगाने, शांतपणे, नाही म्हणते. आई, हे प्रकरण वाचून तू मला फोन केलास आणि राधेविषयी काहीच न बोलता मी जेवले का, एवढेच विचारलेस. मला त्यातून पुष्कळ कळले.

बांकाबाईंना मी सौम्य रंगवले, अशी दादाची तक्रार आहे. त्याला सांगा की त्याचे मूळ मारबतीत, त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत, आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाबा मला खांद्यावर घेऊन इतवारीच्या गर्दीत जात, आणि काळी मारबत जवळ आली की मी भीतीने बाबांच्या केसांत तोंड लपवीत असे. लोक म्हणतात ही बांकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून तिची मारबत काढतात, असे तुम्ही सांगितलेत. आणि मग जरा थांबून, ती घर गमावलेली एक म्हातारी बाई होती, असेही म्हणालात. ज्यांना सारे गाव एका नावाने ओळखते, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहावे, हे मी तेव्हा तुमच्या खांद्यावर बसून शिकले.

आता यमूआत्यांविषयी. लिहू की नको, असे पुष्कळ वेळ वाटत होते, पण तुम्ही दोघांनीही त्यांच्यावर मनापासून माया केलीत, म्हणून लिहिते. मागच्या दोन खोल्या, पितळी कडीचा झोपाळा, शाळेतल्या त्या बाईंचा वेगळा न ठेवलेला पेला, हे सारे मला आठवते. त्यांना आपल्या घरात कधी कोणी वावगे बोलले नाही, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. तरीही आत्यांच्या तेराव्याला बाई कुठे बसल्या होत्या, ते आई, तुला आठवत असेल. त्यांना तुझ्याजवळ बसवायला हाक मारणारी तू एकटीच होतीस. त्यांना तिथे बसण्याचा हक्क होता, असे म्हणायला तेव्हा आपल्यापाशी काही नव्हते. तुळसेला मी शेवटच्या प्रकरणात राधेच्या उशाशी बसवले आहे, आणि तिथून तिला कोणी उठवत नाही.

शुभदाच्या आणि माझ्या बाबतीत तुम्हाला पुन्हा काही समजावून सांगण्याची गरज नाही. तुम्ही जेवढे केलेत तेवढे फार थोड्या मुलींच्या वाट्याला येते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे 377 कलम दंडसंहितेबरोबर 1 जानेवारी 1862 पासून लागू झाले, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे संबंध त्यातून वगळले, तेव्हा आईने दोघींना पुरेल एवढी सुधारस पोळी डब्यात घालून दादाबरोबर पाठवली होती. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही, आणि आमच्यासारख्या दोघींना मिळून मूल दत्तक घेण्याची वाटही बहुमताने मोकळी केली नाही. आमच्यापैकी एकटीला ते घेता येते, दुसरीचे नाव कागदावर येत नाही. त्या आठवड्यात मी कोष्ट्याच्या मुलीचे प्रकरण लिहीत होते. म्हणून बाबा, टोपणनाव घेण्याची तुमची दुसरी सूचनाही मला मान्य करता आली नाही.

सईच्या लग्नाची काळजी करू नका. मुद्रिते तिनेच तपासली आहेत आणि जे स्थळ या पुस्तकामुळे मागे फिरेल ते आपल्याला नकोच, असे तिने वहिनींच्या समोर सांगितले आहे. नातेवाइकांपैकी कोणी विचारले तर तुम्ही उत्तर देत बसू नका, माझा क्रमांक द्या.

कार्यक्रमाचे सभागृह तळमजल्यावर आहे, एकही पायरी चढायची नाही, हे मी स्वतः पाहून आले. संध्याकाळी साडेपाचला सुरू करून साडेसातच्या आत संपवणार आहोत. तुमच्यासाठी हाताच्या खुर्च्या दाराजवळच्या बाजूला ठेवल्या आहेत, म्हणजे बाबांना मध्येच उठावे लागले तरी अवघडल्यासारखे होणार नाही. गाडी घराच्या दाराशी येईल. आई, गुडघ्याचा पट्टा घरून बांधूनच नीघ, आणि त्या दिवशी सकाळी बडकस चौकापर्यंत भाजीला मुळीच जाऊ नकोस. बाबा, कानटोपी आणि शाल घ्यायचीच. नोव्हेंबरात नागपूरची हवा संध्याकाळी एकदम बदलते. माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल काढायला स्टुलावर चढायचे नाही, दादा रविवारी येऊन काढून देईल. यायला मन धजले नाही तर येऊ नका. मी रागावणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी घरी येऊ. पण आलात तर शुभदा तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसेल, हे आधीच सांगून ठेवते.

अर्पणपत्रिका अशी आहे: आई, बाबा आणि शुभदा यांना. तिच्यात आता बदल होणार नाही. पहिली प्रत तुमच्याकडेच येईल. बाबा, सातवे प्रकरण तुम्ही पुन्हा वाचालच, तेव्हा ते दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसून वाचा, आणि डोळ्यांत थेंब घातल्यावर अर्धा तास तरी पुस्तक हातात घेऊ नका.

शुभदाचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
चिमी