यंदाची थंडी गुहागरला काढू

पुणे, १४ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात, आई "तुझ्या बाबांना विचार" म्हणते, आणि फोन ठेवल्यावर काहीच ठरलेलं नसतं. म्हणून पत्र लिहिते आहे. दोघांनी मिळून सावकाश वाचा आणि मगच बोला.

निफाडचा आकडा पेपरात यायला लागला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान छापून आलं की इथे ऑफिसात सगळे म्हणतात, काय मस्त थंडी पडली! मला मात्र आईची बोटं आठवतात. नोव्हेंबरच्या शेवटी आले होते तेव्हा पाहिलं. सकाळी तू चहाचा पेला दोन्ही तळव्यांत घट्ट धरून ओट्यापाशी उभी होतीस. चहा पीत नव्हतीस, बोटं मोकळी व्हायची वाट बघत होतीस. चहा निवला, तो तू तसाच बाजूला ठेवलास आणि मग कणकेत हात घातलास. तुला वाटलं माझं लक्ष नाही. आणि बाबा, तुम्ही रात्री दोनदा उठून पंप घेतलात तेही मला ऐकू आलं. सकाळी विचारलं तर म्हणालात, "झोप छान लागली."

तर या जानेवारीत आपण तिघं गुहागरला जायचं. शनिवार १७ ला पुण्याहून निघायचं आणि शुक्रवार २३ ला परत. सहा रात्री.

आधी गेल्या वर्षीचं बोलते, कारण ते माझ्या मनातून गेलेलं नाही. नाताळच्या सुट्टीत मी तुम्हाला ज्या किनाऱ्यावर नेलं, ती जागा मी फक्त फोटो बघून ठरवली होती. खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. खाली रात्री दीडपर्यंत डीजे. आई कानात कापूस घालून पलंगावर बसून होती आणि बाबा खिडक्या बंद करत होते, म्हणजे तीन दिवस समुद्राचा वारासुद्धा तुम्हाला मिळाला नाही. परतताना दोघंही म्हणालात, "मजा आली." माझा हिरमोड होऊ नये म्हणून म्हणालात, हे मला कळतं. चूक माझी होती. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी जागा आधी स्वतः जाऊन बघायची, तिथल्या पलंगावर झोपून बघायची आणि मगच तुम्हाला न्यायचं.

त्याप्रमाणे डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी गुहागरला जाऊन आले.

त्याआधी बऱ्याच जागा मनात होत्या. दिवेआगर जवळ पडतं, ताम्हिणीतून उतरलं की झालं, नारळी-पोफळीही तशाच. पण जवळ आहे म्हणूनच दर शनिवारी अर्धं पुणं तिथे असतं. गणपतीपुळ्याला आईला देवदर्शन घडलं असतं, पण रांगेत उभं राहणं तिच्या गुडघ्यांना झेपायचं नाही, आणि तिथला समुद्र फसवा आहे. तारकर्ली-देवबागचा मोह खूप झाला. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी, बाबांना फळ्यावर काढावीशी वाटेल अशी जागा आहे. पण मालवणपर्यंतचा प्रवास लांबचा, आणि हल्ली तिथे पाण्यातले खेळ वाढलेत. दक्षिण गोव्यात आगोंद शांत आहे असं सगळे सांगतात. पण निफाडहून तिथे पोचेपर्यंतच आईचे पाय सुजतील.

गुहागर म्हणजे खरं तर एक लांबलचक रस्ता. दोन्ही बाजूंना घरं. पश्चिमेकडच्या घरांची तोंडं रस्त्याला आणि पाठ समुद्राला. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं, आणि सुरू संपले की थेट वाळू. सहा-सात किलोमीटरचा सरळसोट किनारा. बाजाराच्या बाजूला, व्याडेश्वराच्या मागे, सुट्टीच्या दिवशी माणसं असतात. आपण राहणार आहोत वरचा पाट या भागात, दुर्गादेवीच्या देवळाजवळ. तिथे रविवारी संध्याकाळी मी तासभर चालले, मला मोजून नऊ माणसं भेटली. आई, देवीचं देऊळ तुला चालत जाता येईल इतकं जवळ आहे, आणि वाट सपाट आहे.

घर एका वयस्कर जोडप्याचं आहे. दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. आपली खोली तळमजल्यावर, अंगणातून पडवीत यायला तीन पायऱ्या, बाजूला धरायला लाकडी कठडा. कमोड आहे. न्हाणीघराची फरशी खरखरीत आहे, मी ओल्या पायांनी फिरून बघितलं. पाणी बंबात तापवतात, धूर मागच्या बाजूने निघून जातो, बाबांच्या खोलीकडे येत नाही (हे मुद्दाम सकाळी उभं राहून पाहिलं). पडवीत झोपाळा आहे. मी गेले तेव्हा अंगणभर सुपारी वाळत घातली होती, आणि काकू दर तासाने पायानेच ती उलटी-सुलटी करत होत्या, बोलता बोलता, खाली न बघता. सोललेली आणि न सोललेली वेगवेगळी. त्या ढिगावरून येणारा आंबूस, ओलसर वास अजून माझ्या नाकात आहे. आई, तू तिथे गेलीस की अर्ध्या तासात त्यांच्याबरोबर बसशील, मला खात्री आहे.

जेवण घरचंच. रात्री मऊ भात आणि मेतकूट मिळेल का विचारलं, तर काकू म्हणाल्या, "आमच्याकडे रोजच असतो, ह्यांना लागतो." सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी वालाची उसळ, कुळथाचं पिठलं, सोलकढी. तिखट कमी.

बाबा, आता हवामानाचं. तुमच्याच वर्गात शिकले आहे, त्यामुळे चुकलं तर खूण करून परत पाठवा. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून किनाऱ्यावर रात्र गोठत नाही. रत्नागिरीच्या बाजूला जानेवारीत दुपारी तीस-एकतीस आणि पहाटे अठरा-एकोणीसच्या आसपास असतं. आपल्याकडे त्याच पहाटे दवबिंदू गोठायची भीती असते, द्राक्षवाले बागेत शेकोट्या करून जागत असतात. उत्तरेचा गार वारा आपल्या पठारावर मोकाट फिरतो, खाली कोकणात यायला त्याला सह्याद्री आड येतो. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. आठवीच्या वर्गात तुम्ही हातातला रूळ फळ्यावर एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उजवीकडून डावीकडे फिरवायचात, तो आवाज मला आठवतो. चौतीस वर्षं तुम्ही मुलांना भरती-ओहोटी शिकवलीत, आणि त्या सगळ्या काळात समुद्राकाठी राहिलात ते सहलीच्या एका रात्री, तेही पन्नास पोरांची डोकी मोजत. मला तुम्हाला तो समुद्र सावकाश बघताना बघायचं आहे.

तारखा मी तुमच्याच विषयावरून ठरवल्या. त्या घरच्या काकांनी तिथला हिशेब सांगितला, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. आता बघा, रविवारी १८ जानेवारीला अमावास्या आहे. म्हणजे भरती दुपारी, आणि ओहोटी साडेपाच-सहाच्या सुमारास, सूर्य मावळायच्या थोडी आधी. उन्हं उतरलेली आणि पाणी आत गेलेलं. आईला कोरड्या वाळूत चालता येत नाही, पाऊल रुततं आणि गुडघा पिरगळतो. पण ओहोटीनंतरची ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते, त्यावर ती चालू शकेल. मी तिथे टाच आपटून बघितली, ठसा जेमतेम उमटला. पुढे मंगळवार-बुधवारपासून ओहोटी सकाळी पावणेआठ-साडेआठला येते, तेव्हा सकाळचं फिरणं. पाण्यात मात्र घोट्याच्या वर कुणी जायचं नाही, ही माझी अट. उधाणाचे दिवस आहेत.

दुपारी अकरा ते चार बाहेर पडायचं नाही. ऊन लागतं, हवा दमट असते, आणि त्या वेळी वाडीत झोपाळ्यावर पडून राहण्यासारखं सुख नाही. संध्याकाळी डास येतात. मच्छरदाणी आहे, मी बांधून बघितली.

बघायला काय आहे असं बाबा विचारतीलच. फारसं काही नाही, आणि म्हणूनच मी ती जागा निवडली. गेल्या वर्षी आपण दिवसाला चार ठिकाणं केली आणि आई गाडीतच पेंगली. या वेळी एकच दिवस बाहेर जाऊ, सोमवारी १९ ला, हेदवीला. दशभुजा गणेशाचं देऊळ आहे. २२ ला माघी गणेश जयंती, त्या दिवशी तिथे उत्सव आणि गर्दी, म्हणून आधीच जाऊन येऊ. मग खाली किनाऱ्यावर बामणघळ. खडकाला एक लांब चीर गेली आहे, भरतीचं पाणी त्यात घुसलं की वर उसळतं. त्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता, तेवढ्या एका दिवशी दुपारी बाहेर. खडकांवर आई येणार नाही, ती उमामहेश्वराच्या देवळात सावलीला बसेल. तुम्ही आणि मी लांबूनच बघू.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. थंडीतच. कासवमित्र पहाटे किनारा चालतात, घरटं सापडलं की अंडी अलगद काढून कुंपणातल्या हॅचरीत पुरतात, पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. २०२२ साली इथल्याच दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठवणारं यंत्र लावलं होतं, रेवा आणि वनश्री अशी त्यांची नावं. पण ह्या वर्षीची गंमत ऐका. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली जिच्या पंखाला बिल्ला लावला होता, ती मादी यंदा जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात! हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला की बाबांना नकाशा काढून दाखवावा. मग वाटलं, नकाशा तुम्हीच काढाल, मी तुम्हाला ती वाळू दाखवते. पहाटे आपल्याला कासव दिसेलच असं नाही. पण तिच्या चालीचा माग दिसला, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखा ओढलेला, तरी मला पुष्कळ आहे.

रस्त्याचं सांगते. तुम्ही १६ लाच माझ्याकडे या, एक रात्र आराम. १७ ला सकाळी सातला निघू. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, शृंगारतळी, गुहागर. सात तास धरले आहेत, दर दीड तासाने थांबून आईला पाय मोकळे करता येतील. कोयनानगरला चहाला थांबू, तिथे १९६७ च्या भूकंपाचं बाबा सांगतील. घाटात आईने पुढच्या सीटवर बसायचं. गाडी मीच चालवणार, लॅपटॉप पुण्यातच ठेवून येणार, सुट्टी मंजूर झाली आहे.

गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे आणि मोठं काही लागलं तर चिपळूण तासाभराच्या आत-बाहेर. तुमच्या डॉक्टरांशीही मी बोलले. ऊबदार हवा चांगली म्हणाले, पंप दोन बरोबर ठेवा म्हणाले, आणि दमट हवेत पहिले दोन दिवस जास्त चालू नका.

आई, तुझं हळदीकुंकू. मला माहीत आहे, तू आधी तेच काढशील. संक्रांत १४ ला, रथसप्तमी २५ ला, रविवारी. २३ ला आपण पुण्यात, २४ ला मी तुम्हाला घरी सोडते, आणि २५ ला तू हळदीकुंकू कर. वाण गुहागरहून आणू, काकूंकडच्या आमसुलांच्या पुड्या. तिळगुळाचे लाडू मी इथून करून आणते, तू बोटांना त्रास देऊ नकोस. आणि २४ ते २६ सलग सुट्टी आहे, तेव्हा किनाऱ्यावर गर्दी होणार, त्याआधीच आपण बाहेर पडलेले असू.

खर्चाचं विचारू नका. खोलीचे पैसे बोनसमधून दिले आहेत. तुम्ही माझ्या शिक्षणासाठी काय काय पुढे ढकललंत ते मी कधी विचारलं नाही, तेव्हा एवढं मला करू द्या.

आईने निळी शाल घ्यायची, पहाटे लागेल. बाबांनी पट्ट्याच्या चपला घ्यायच्या, वाळूत अंगठ्याच्या निसटतात. स्वेटर एकच पुरे.

बाबा, कालनिर्णय काढून १७ ते २३ च्या भरतीच्या वेळा मांडून ठेवा, मी केलेल्या वेळांशी ताडून बघू. बुधवारी रात्री फोन करते. "बघू" म्हणू नका.

तुमची,
सुमी

ता. क. काकांनी विचारलं होतं, बाबांना बुद्धिबळ येतं का. संध्याकाळी त्यांना कुणी जोडीदार मिळत नाही. मी हो सांगून आले आहे.