हिरवी नदी म्हणजे बरी झालेली नदी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगा नदी कापडात विणून दाखवणाऱ्या कलाकृतीवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. काम देखणे आहे, वाद नाही. इचलकरंजीत जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवण्यात, माझी हयात गेली. फणीची ठोक किती घट्ट बसली आहे ते मला फोटोतही कळते. पण त्या कापडात निळ्याखाली येणारा हिरवा पट्टा म्हणजे ‘नदी पुन्हा जिवंत होत असल्याची खूण’, हे वाक्य वाचून संताप आला. आमच्याकडे पंचगंगा हिरवी होते ती जलपर्णीने. नदीत मैलापाणी मिसळले की जलपर्णीला नत्र, स्फुरद आयते मिळते आणि ती फोफावते. खाली पाण्यातला प्राणवायू संपतो. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच तुमच्याच अंकात छापून आला आहे. लेखकाने तो तरी वाचायचा!

आणि ते निळे सूत रंगले कुठे? त्यावर अवाक्षर नाही. माझे वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात होते. सुतावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढावा म्हणून हौदात मीठ ओततात, तरी बराच रंग धाग्यावर बसत नाही, धुलाईत निघून जातो. तो हौद रात्रपाळीला नाल्यात मोकळा करायचा, असा मालकाचा हुकूम होता. सकाळी वडील घरी येत तेव्हा त्यांच्या नखांच्या कडा निळ्या असत, साबणाने घासूनही जात नसत. एकदा आईने विचारले, ‘ते पाणी जातं कुठं?’ वडील ताटावरून उठून गेले. काळ्या ओढ्यातून ते नदीत जाते आणि पुढे शिरोळ तालुक्यातल्या गावांकडे, हे आईलाही ठाऊक होते.

नदीवर कापड विणणाऱ्याने कापडाशेजारी लिहावे: सूत कोणत्या रंगात रंगवले, पाणी किती लागले, ते कुठे सोडले. साध्या सांडपाणी प्रक्रियेत मीठ निघत नाही, तेही लिहावे.

शिवाय कलाकाराचे नाव ठळक अक्षरात आणि विणणारे नुसते ‘स्थानिक कारागीर’? १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवणाऱ्या विठ्ठलराव दातारांचे नाव गावाला पाठ आहे. मागापुढे उभ्या राहिलेल्यांची नावे कधी छापून येत नाहीत. हे कापड विणणाऱ्यांची नावे विचारून घ्या आणि येत्या रविवारी त्याच पानावर छापा.

आपला,
एक निवृत्त जॉबर, इचलकरंजी