फोनवर दिलेला सल्ला आमच्यापर्यंत येतो

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. वैद्यकीय सल्ल्याच्या हेल्पलाइनवर रुजू होतोयस हे वाचून खूप बरं वाटलं, आणि तुला सविस्तर लिहायलाच हवं असंही वाटलं. फोनवर कोणीतरी काहीतरी सांगतं आणि त्यानंतर त्या घरात आम्ही अ‍ॅम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन शिरतो. सांगणाऱ्याची आणि आमची गाठ कधीच पडत नाही. आता सांगणाऱ्याच्या जागी तू बसणार आहेस, म्हणून आम्हाला काय दिसतं ते तुला कळायला हवं.

एक कॉल सांगतो. साठी उलटलेले गृहस्थ, मधुमेही. रात्री पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ, घाम. मुलीने सल्ल्यासाठी एका नंबरवर फोन केला. "छातीत दुखतंय का?" "नाही." मग पित्ताची गोळी द्या, झोपू द्या, सकाळी डॉक्टरांना दाखवा. संभाषण लिहून काढलं तर त्यात उघड चूक सापडणार नाही. पण मधुमेही माणसाला आणि बायकांना हार्ट अटॅक पुष्कळदा छातीत कळ न येताच येतो. नुसता दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा पोटात दुखणं, एवढंच. घाम किती येतोय, कपडे भिजलेत का, असा घाम यापूर्वी कधी आला होता का, हे त्या रात्री कुणी विचारलंच नाही.

पहाटे आम्हाला बोलावलं. ईसीजी काढला, हॉस्पिटलला आधी कळवलं आणि निघालो. गृहस्थ वाचले. पण हृदयाचा जो स्नायू त्या तासांत मेला तो काही परत येत नाही. गाडीत मुलगी सारखी म्हणत होती, "मी विचारलं होतं हो, त्यांनीच झोपू द्या म्हणून सांगितलं." मध्येच ती आमच्यावर चिडली. ते मी समजू शकतो. समोर आम्हीच होतो. मला आजही बोचतं ते वेगळंच. ज्याने तो सल्ला दिला त्याला पुढचं काही कळलं नाही. त्याच्या लेखी तो कॉल व्यवस्थित मिटला. पुढच्या रात्री अशाच माणसाला तो तेच सांगणार, आणि आणखी ठामपणे सांगणार, कारण तक्रार तर आलीच नाही.

हे जुनं दुखणं आहे. १९८४ साली अमेरिकेत डॅलस शहरात एका माणसाने घरातल्या आजारी बाईसाठी अ‍ॅम्ब्युलन्स मागितली. तिला श्वास घेता येत नव्हता. कॉल पारखायला बसवलेल्या नर्सने हट्ट धरला की मला पेशंटशीच बोलायचंय. जिला श्वास घेता येत नाही ती बोलणार कशी? वादात वेळ गेला आणि त्या बाई वारल्या. त्याच्या काही वर्षं आधी सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी फोनवर विचारायचे प्रश्न आणि द्यायच्या सूचना क्रमवार लिहून काढायला सुरुवात केली होती. तुझ्यासमोर स्क्रीनवर जी प्रश्नावली येईल, ती याच विचारातून आलेली. ती हवीच. ती नसेल तर सगळा भार फोन उचलणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर पडतो.

पण प्रश्नावलीही भित्री असू शकते. अंगाशी यायला नको म्हणून 'छाती' हा शब्द आला की अ‍ॅम्ब्युलन्स, अशी घडी कुठेकुठे बसते. आठवडाभर खोकून बरगड्या दुखणाऱ्या तरुणाकडे आम्ही सायरन वाजवत पोचतो. तो बिचारा ओशाळलेला असतो: "मी फक्त कोणतं औषध घेऊ एवढंच विचारत होतो." तेवढा वेळ ती गाडी अडकते. आणि हृदय बंद पडलेल्या माणसाच्या बाबतीत सीपीआर (म्हणजे छातीवर दाब देणं) आणि विजेचा शॉक मिळाला नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. सायरन लावून भरधाव जाणं हा आमच्यासाठी आणि रस्त्यावरच्या लोकांसाठी धोका असतो, तो वेगळा.

याहून मोठं नुकसान हळूहळू होतं आणि ते नोंदींत दिसत नाही. 'श्वासाचा त्रास' म्हणून धावत जावं आणि सर्दी निघावी, असं पुनःपुन्हा झालं की चांगल्या माणसांचीही पावलं मंदावतात. जिना चढताना घाई उरत नाही, सगळी बॅग न घेता अर्धंच सामान वर नेलं जातं. मी हे माझ्या अत्यंत कष्टाळू सहकाऱ्यांत होताना पाहिलंय. त्यांना दोष देववत नाही, पण ज्या दिवशी आत खरोखरच कोणीतरी गुदमरत असेल त्या दिवशी याची किंमत कोण देणार?

औषधांच्या बाबतीत तर फारच जपून. छातीत दुखतंय म्हटल्यावर 'घरात कुणाची जिभेखालची गोळी असेल तर द्या' असं सर्रास सांगितलं जातं. बीपी आधीच उतरलेलं असेल किंवा हृदयाच्या उजव्या बाजूला झटका असेल, तर ती गोळी बीपी आणखी उतरवून माणसाला जागच्या जागी खाली पाडते. आम्ही पोचतो तेव्हा झटका सांभाळायचा की बीपी, असं दुहेरी संकट. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी, आकडी आलेल्याच्या दातांत चमचा, अ‍ॅसिड प्यायलेल्याला मुद्दाम ओकायला लावणं, हे सगळं "फोनवर सांगितलं होतं" म्हणून केलेलं आम्ही निस्तरतो.

फोनवरचा सल्ला बंदच करावा, असं मात्र माझं मुळीच म्हणणं नाही. एका घरात शिरलो तर वडिलांच्या छातीवर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दोन्ही हातांनी दाब देत होता, शेजारी फोन स्पीकरवर, आणि पलीकडची बाई शांत, खणखणीत आवाजात मोजत होती. मिनिटाला १०० ते १२०, निदान ५ सेंटीमीटर खोल, अगदी हवं तसं. मुलाने तिला आधी सांगितलं होतं की "बाबा घोरतायत." तिने ओळखलं की हे घोरणं नाही, हृदय थांबल्यावरचे आचके आहेत. शुद्धीवर आहेत का, श्वास नेहमीसारखा आहे का, या दोन प्रश्नांवर तिने निर्णय घेतला. आम्ही येईपर्यंत त्या माणसाला तिनेच जिवंत ठेवलं. असं काम तुझ्या हातून व्हावं, ही माझी मनापासून इच्छा आहे.

तू विचारलंयस, स्क्रीन सांगेल तेवढंच करायचं का. माझं मत असं: आवाजावरून काळजी वाटली, तर स्क्रीनपेक्षा वरची पायरी, म्हणजे जास्त तातडीची मदत, बिनधास्त गाठ. खालची पायरी मात्र एकट्याने ठरवू नकोस, वरिष्ठाला विचार. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं कानावर आलं, तर पक्षाघाताची शंका धरून पेशंट शेवटचे ठणठणीत कधी दिसले ती वेळ विचारून घे. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि गाडीत बसल्यावर ती वेळ कुणालाच आठवत नाही. "आता तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा" म्हणून फोन ठेवू नकोस, स्वतः जोडून दे. घरी थांबा असं सांगितलंस, तर काय दिसलं की लगेच पुन्हा फोन करायचा ते नेमकं सांग, आणि त्यांच्याकडून ते एकदा वदवून घे.

आणखी एक चौकशी कर. तुम्ही सल्ला दिलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, हे तुमच्या केंद्रात कुणी परत कळवतं का? आमच्याकडे तशी वाटच नाही. आमच्या प्रमुखांना मी सुचवलंय की महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या माणसांनी बसून काही कॉल पहिल्या शब्दापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत ऐकावेत. त्यांना कल्पना पटलीय, फक्त तुमच्या बाजूने हो म्हणणारं कोणी हवंय. पहिले काही आठवडे कामात स्थिरावलास की तुझ्या वरिष्ठांकडे विषय काढ, आणि ते काय म्हणतात ते मला लगेच कळव.

तुझा,
जुना मित्र