इंजिन ऑइल वाढतंय हे मी सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं

दिनांक : २ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक, सर्व्हिस विभाग, अधिकृत विक्रेते, नाशिक
आणि
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग, उत्पादक कंपनी, मुख्य कार्यालय

विषय : दहाचाकी मालवाहू गाडीच्या इंजिनातला दोष सहा वेळा वर्कशॉपला आणूनही दूर न झाल्याबाबत, आणि गाडी वॉरंटीत असताना दिलेलं ३,८४,००० रुपयांचं एस्टिमेट मान्य नसल्याबाबत.

महोदय,

माझी गाडी ९ जानेवारीपासून आपल्या नाशिकच्या वर्कशॉपच्या आवारात उभी आहे. आज पंचविसावा दिवस. २८ जानेवारीला मला एस्टिमेट मिळालं. क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं, ऑइल पंप, टर्बो आणि मजुरी धरून ३,८४,००० रुपये. त्याखाली एक ओळ आहे : "इंजिन ऑइलमध्ये डिझेल मिसळल्याने बेअरिंगचे नुकसान. वापरातील निष्काळजीपणा. वॉरंटी लागू नाही."

या ओळीचं पहिलं वाक्य खरं आहे. ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, हे तुम्हाला पहिल्यांदा मीच सांगितलं होतं. तारीख २७ सप्टेंबर २०२५. त्या दिवशीच्या जॉब कार्डवर "ग्राहकाची तक्रार" या रकान्यात तुमच्याच सुपरवायझरच्या हातचं लिहिलेलं आहे : "ऑइल लेव्हल वाढते, डिझेलचा वास येतो." त्याखाली "केलेले काम" या रकान्यात : "ऑइल व फिल्टर बदलले. लेव्हल ओके." डिझेल ऑइलमध्ये येतं कुठून, हे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही. पुढचे साडेतीन महिने मी त्याच इंजिनावर भाडी मारली आणि ९ जानेवारीला बेअरिंगं वाजायला लागली. आता त्याला माझा निष्काळजीपणा म्हणता, हे मला अजिबात मान्य नाही.

कंपनीच्या मुख्य कार्यालयाला आजवरचं काहीच माहीत नसावं. मी तीन वेळा ई-मेल केले, तिन्ही वेळा "आपली तक्रार विक्रेत्याकडे पाठवली आहे" एवढंच उत्तर आलं. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

गाडी मी ३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी घेतली. किंमत ३७,८०,००० रुपये. त्यातले ३० लाख फायनान्सचे, पाच वर्षांची फेड, महिन्याचा हप्ता ६५,२२७ रुपये. बाकीचे पैसे माझी जुनी सहाचाकी विकून आणि घरातलं सोनं ठेवून उभे केले. माझ्याकडे ही एकच गाडी आहे आणि ती मी स्वतः चालवतो. पगारी ड्रायव्हर नाही. बावीस वर्षं स्टिअरिंगवर आहे, त्यातली पहिली अकरा दुसऱ्याच्या गाडीवर. लासलगावच्या व्यापाऱ्यांच्या खळ्यावरून कांदा भरायचा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला खाली करायचा आणि येताना भिवंडीतून मिळेल तो माल नाशिककडे आणायचा, हा माझा धंदा.

पहिल्या साडेतीन महिन्यांत गाडीबद्दल माझी काही तक्रार नव्हती, हेही लिहितो. ॲव्हरेज चांगलं होतं, पिकअप चांगला होता. दोघा ओळखीच्यांना मी हीच गाडी घ्या म्हणून सांगितलंही होतं.

१९ जुलैला भिवंडीहून भरून येताना, रीडिंग २२,४०० किलोमीटर, कसारा घाट चढायला लागलो आणि इंजिनचा दिवा लागला. त्याच्या पाठोपाठ सायलेन्सरच्या फिल्टरचा, म्हणजे डीपीएफचा दिवा. गाडीने ओढच सोडली. दुसऱ्या गिअरवर दहा-बाराच्या स्पीडने मी तो घाट चढलो. पाऊस, धुकं, मागे गाड्यांची रांग. घाटनदेवीच्या मंदिरापाशी पोचेपर्यंत हात थरथरत होते. ज्यांनी भरलेली गाडी घाटात चालवली आहे त्यांना कळेल. चढावर इंजिन दम सोडतं तेव्हा प्रश्न फक्त उशीर होण्याचा नसतो.

त्या वेळी तीन दिवस गाडी तुमच्याकडे होती. लॅपटॉप लावून उभ्या गाडीवर रिजनरेशन मारलं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळली, आणि गाडी दिली. २१ ऑगस्टला पुन्हा तेच. चार दिवस. प्रेशर सेन्सर बदलला, सॉफ्टवेअर नवीन टाकलं. दोन्ही वेळा दिवा विझला, आणि दोन्ही वेळा पाच-सहा हजार किलोमीटरच्या आत परत लागला. मधल्या काळात गाडी दर दीडशे-दोनशे किलोमीटरला आपोआप रिजनरेशनवर जायची. नवीन असताना हे इतक्या वेळा होत नव्हतं.

आता ऑइलचं. रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी ऑइल आणि पाणी बघायची सवय मला माझ्या पहिल्या मालकाने लावली. जुन्या गाड्यांचं ऑइल कमी व्हायचं, ते आम्ही समजू शकतो. पण सप्टेंबरमध्ये माझ्या लक्षात आलं की या गाडीचं ऑइल वाढतंय. ऑगस्टच्या सर्व्हिसनंतर डीपस्टिकवर वरच्या खुणेला बरोबर होतं. महिन्याभरात, एक थेंबही न टाकता, ते खुणेच्या दोन बोटं वर आलं. पट्टी नाकाजवळ नेली तर डिझेलचा वास. आमच्याकडच्या फिटरने दोन बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाला, "यात जीव राहिला नाही, पाण्यासारखं झालंय. लोड मारू नका, आधी कंपनीत दाखवा." मी दुसऱ्याच दिवशी, २७ सप्टेंबरला, कंपनीत दाखवलं. म्हणजे तुम्हालाच.

हे का होतं, तेही तुमच्याच वर्कशॉपमधल्या एका अनुभवी मेस्त्रीने मला समजावून सांगितलं. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला त्रास व्हायला नको. बीएस-६ गाडीत धुरातली काजळी डीपीएफमध्ये अडवली जाते आणि ती जाळायला तिथे सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते वाढवण्यासाठी या इंजिनात सिलिंडरमध्येच थोडं जादा डिझेल उशिरा सोडलं जातं. त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. रिजनरेशन कधीतरी होत असेल तर त्याने बिघडत नाही. पण सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा एखादा इंजेक्टर गळत असेल, तर काजळी जास्त होते, फिल्टर लवकर भरतो, रिजनरेशन पुन्हा पुन्हा लागतं, आणि दर वेळी आणखी डिझेल ऑइलमध्ये जातं. शिवाय गळणाऱ्या इंजेक्टरचं डिझेल वेगळंच. ऑइल पातळ झालं की बेअरिंगवर त्याचा थर टिकत नाही. माझ्या गाडीत नेमकं हेच क्रमाने घडलेलं आहे. जुलैपासून जानेवारीपर्यंतची सहाही जॉब कार्डं एकापाठोपाठ एक लावून वाचा, सगळं समोर येतं.

तरीही सहा जॉब कार्डांपैकी एकावरही इंजेक्टर उतरवून बेंचवर तपासल्याची नोंद नाही. लीक-ऑफ टेस्टची, म्हणजे इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं ते मोजल्याची, नोंद नाही. ऑइल प्रयोगशाळेत पाठवल्याची नोंद नाही. माझी खरी तक्रार ही आहे. सेन्सर बदलले म्हणून माझा राग नाही, शोधताना एखादी गोष्ट चुकते. पण गाडीवाला स्वतः सांगतोय की ऑइल वाढतंय, आणि त्या दिशेने कोणी पानासुद्धा लावत नाही, याला शोधणं म्हणत नाहीत.

२९ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर, दिवाळीनंतर बाजार समित्या उघडल्या त्याच आठवड्यात, गाडी पुन्हा तुमच्याकडे होती. तेव्हा सांगितलं, युरिया, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं डीईएफ, खराब वापरता म्हणून त्रास होतो. मी पहिल्या दिवसापासून डीईएफ सीलबंद बादलीतलंच घेतो, आणि तेही तुम्ही सुचवलेल्या ब्रँडचं. सगळी बिलं माझ्याकडे आहेत. दुसरं असं की डीईएफ टाकीतून सायलेन्सरच्या बाजूला जातं, इंजिनच्या ऑइलशी त्याचा संबंध येत नाही. खराब युरियाने दिवा लागेल, ऑइल कसं वाढेल?

१२ डिसेंबरला लाल कांदा भरून निघालो होतो. शहापूरच्या पुढे गाडीने ओढ सोडली. उन्हाळ कांदा एक-दोन दिवस इकडेतिकडे झाला तरी सोसतो, लाल कांद्याला तेवढी कळ नसते, ताडपत्रीखाली तो लगेच घाम धरतो. पहाटे पोचायची गाडी दुपारी पोचली, त्या दिवसाची विक्री गेली, आणि माल गरम निघाला म्हणून व्यापाऱ्याने भाड्यातून ११,५०० रुपये कापले. त्याचंही चुकलं नाही. त्या खेपेला तुम्ही डीपीएफ उतरवून साफ केला, सात दिवस घेतले आणि "साफसफाई वॉरंटीत येत नाही" म्हणून २३,६०० रुपये घेतले. फिल्टर ज्या कारणाने भरतो ते कारण तसंच ठेवून फिल्टर साफ करण्याचे पैसे माझ्याकडून का घेतले, याचं उत्तर मला हवं आहे. जानेवारीत काय झालं ते वर लिहिलंच आहे.

माझ्यावर आणखी दोन गोष्टी ढकलल्या गेल्या. एक, ओव्हरलोड. तीन ॲक्सलच्या या गाडीला मालासकट २८,५०० किलो वजन मंजूर आहे. माझ्या फेऱ्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या मी जपून ठेवतो, सर्वांत जास्त वजन २८,१६० किलो आहे. दुसरी, गाडी हळू चालवल्यामुळे रिजनरेशन पूर्ण होत नाही. माझी गाडी गावातल्या गावात फिरत नाही. एका खेपेला सव्वादोनशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे आणि त्यातला बहुतेक मुंबई-आग्रा हायवे. रिजनरेशनचा दिवा असताना मी कधीही इंजिन बंद केलेलं नाही. गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये रिजनरेशनच्या नोंदी असतात. त्या काढा आणि मला दाखवा. त्यात माझी चूक निघाली तर मी ती मान्य करीन.

सहा खेपांत मिळून गाडी आजपर्यंत ५० दिवस तुमच्याकडे उभी राहिली. या काळातला एकही हप्ता मी चुकवलेला नाही. जानेवारीचा हप्ता मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेल्या पैशातून भरला. लाल कांद्याचा हंगाम चालू आहे, रोज दोन-तीन व्यापाऱ्यांचे फोन येतात आणि मी त्यांना दुसऱ्याची गाडी सुचवतो. एकदा खळ्यावरचा माणूस दुसऱ्या गाडीला लागला की परत आपल्याकडे येईलच असं नसतं.

माझं मागणं असं आहे. सर्वांत आधी, सहाही इंजेक्टर माझ्यासमोर उतरवून बेंचवर तपासावेत आणि प्रत्येकाचा निकाल लेखी द्यावा. आत्ता इंजिनात असलेल्या ऑइलचा नमुना दोघांच्या सहीने सील करून, तुम्हाला आणि मला मान्य असलेल्या बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावा. पहिल्या दिवसापासूनचे सगळे फॉल्ट कोड आणि रिजनरेशनच्या नोंदी छापून द्याव्यात. त्यानंतर इंजिनचं काम, म्हणजे बेअरिंगं, टर्बो आणि मूळ कारण असेल तो भाग, चार वर्षांच्या वॉरंटीत विनामूल्य करावं आणि बदललेल्या भागांवर त्या दिवसापासून नवीन वॉरंटी लेखी द्यावी. क्रँक शाफ्टला ओरखडे पडले असतील तर तो घासून बसवू नये, इंजिन बदलून द्यावं. दहा महिन्यांच्या गाडीला घासलेला क्रँक मी घेणार नाही. डीपीएफचे २३,६०० आणि कापलेल्या भाड्याचे ११,५०० रुपये परत मिळावेत, आणि उभ्या दिवसांच्या नुकसानीबद्दल कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याने माझ्याशी समोरासमोर बसून बोलावं. त्या दिवसांचा हिशेब माझ्या वहीत तारखेनिशी आहे.

मालवाहू गाडी म्हणजे धंद्याची, तेव्हा तुम्ही ग्राहक नाही, असं मला काउंटरवर सांगण्यात आलं. मी वकिलांना विचारलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात आहे की स्वयंरोजगारातून फक्त आपला उदरनिर्वाह चालवण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी कारणासाठी धरली जात नाही. एकच गाडी, ती स्वतः चालवणारा मी, त्यात बसतो. याच कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची आणि सदोष सेवेबद्दल सेवा देणाऱ्याची जबाबदारी वेगवेगळी सांगितली आहे. त्यामुळे कंपनीने विक्रेत्याकडे आणि विक्रेत्याने कंपनीकडे बोट दाखवून हा विषय संपणार नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोघांविरुद्ध तक्रार दाखल करीन. तिथे जायची मला हौस नाही. मला माझी गाडी नीट होऊन हवी आहे, तारखा नकोत.

पत्रासोबत सहाही जॉब कार्डं, एस्टिमेट, डीईएफ आणि डिझेलची बिलं, वजनकाट्याच्या पावत्या आणि डीपस्टिकचे तारखेसह काढलेले फोटो यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपला ग्राहक,
(सही)
गाडीमालक व चालक
ता. निफाड, जि. नाशिक

ता.क. : २७ सप्टेंबरला काढलेल्या ऑइलपैकी एक लिटर मी त्याच वेळी तुमच्या सुपरवायझरसमोर बाटलीत भरून घेतलं होतं. बाटली माझ्याकडे आहे, तारीख लिहिलेली आहे. मी हजर असल्याशिवाय इंजिन उघडू नये आणि आतलं ऑइल सांडू नये. कळवाल त्या दिवशी सकाळी नऊला मी वर्कशॉपमध्ये येतो.