अवीचा थकलेला पगार

पणजी, रविवार

प्रिय शुभा,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी वाच. माझे गुडघे आहेत तसेच, आईचं बीपी ताब्यात आहे.

अवीचा पगार पुन्हा थकलाय. दिवाळीपासून एक पैसा नाही. परवा संस्थाचालकांनी बोलावून सांगितलं, "निम्मे घ्या, लिहून द्या, विषय मिटवून टाका." तो कागद अवी घरी घेऊन आलाय. 'माझे सर्व येणे मिळाले, काही तक्रार नाही', खाली सहीसाठी ठिपके आणि तिकिटाला चौकोन. सुमन म्हणते, कर सही. घरभाडं तुंबलंय, तिचं तरी काय चुकलं? मी मात्र आपला जुना पोर्तुगीज कोश काढून बसले. हे तुलाच सांगू शकते, इथं कुणाला सांगितलं तर म्हणतील, भाऊ अडचणीत आणि ही कोश चाळतेय.

'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला म्हटलं की तू फारसी, फारसी म्हणून हटून बसायचीस. मिरामारच्या बाकावर केवढं भांडलो होतो! सरांनी निकाल दिला तरी तू मानला नाहीस, आणि भेळेचे पैसे मलाच द्यायला लावलेस. पण तेव्हा आपण पोर्तुगालपाशीच थांबलो. त्याच्या मागे लॅटिन 'पाकारे' आहे. 'पाक्स' म्हणजे शांतता, त्यावरून शांत करणे. इ.स.पू. ५७च्या मोहिमेनंतर सगळा गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, शांत झाला असं रोमन सेनापती सीझर लिहितो, तिथे हाच शब्द. ती शांतता तलवारीची.

पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये शांत करायचा माणूस बदलला. शत्रूच्या जागी धनको आला. त्याचं देणं चुकतं केलं की तो शांत. तिथून इटालियन 'पागारे', फ्रेंच 'पेये', स्पॅनिश 'पागार', पोर्तुगीज 'पगार'. सगळ्यांचा अर्थ पैसे देणे. पोर्तुगीजांचं ते क्रियापद, आपण त्याचं नाम करून एक तारखेला बांधलं. जुना अर्थही कुठे कुठे टिकलाय बघ. इटालियनमध्ये 'पागो' म्हणजे समाधानी. पोर्तुगीजमध्ये दिवा विझवायला 'अपगार'. स्पॅनिशमध्ये त्याच शब्दाने आग विझवतात आणि तहानही भागवतात. आपणही तहान भागवतो आणि देणी भागवतो, नाही का? रुमानियनमध्ये तर याच कुळातलं 'अंपका' समेट घडवण्यासाठीच राहिलं. पैसे देण्याचं 'प्लती' त्यांनी स्लाव्ह भाषांकडून घेतलं.

शुभा, यात ज्याचं येणं आहे तो धनी. देणाऱ्याने देणं फेडून त्याला शांत करायचं. अवीने वर्ग घेतले, पेपर तपासले, सुट्टीतही जाऊन बसला. येणं त्याचं आहे, आणि त्यालाच खालमानेने बसवून सही मागताहेत. ही सीझरची शांतता झाली. मी त्याला म्हटलं, निम्मे देतात तर घे, पावती तेवढ्याचीच दे, 'सर्व येणे'वर सही करू नकोस. तो म्हणाला, "ताई, मग उद्यापासून वर्गावर कोण उभं राहू देईल?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तुला माहीत आहे तो कसा आहे, वाद नको म्हणून लहानपणी स्वतःची पतंगसुद्धा देऊन टाकायचा. रात्र रात्र हेच डोक्यात घोळतंय.

तुझ्या दिरांना हा कागद दाखवशील? अशा सहीनंतर उरलेलं मागता येतं का, एवढंच विचार. फोटो पाठवते आहे, संस्थेचं नाव झाकलंय.

तुझ्या फ्रेंचच्या परीक्षा आटोपल्या का? मुक्ताचं ठरलं म्हणे, आणि मला ते काकीकडून कळावं! मुलगा कुठला, काय करतो, सगळं लिही. नवं घर लागलं का? काजू पाठवते, या खेपेला सालीसकट.

दिरांचं उत्तर बुधवारच्या आत कळव. अवीला त्या दिवशी पुन्हा बोलावलंय.

तुझी,
वसू